डोंगरावरच्या हॉटेलातली चढाई

शहादेवची आणि माझी ओळख एका नळावर झाली.

नळ तरी कुठला? टेनिसच्या कोर्टाशेजारच्या लॉनचा. भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, रबरी पाइप तसाच सोडून कुणीतरी निघून गेलं होतं. हिरवळ पिऊन पिऊन थकली होती आणि पाणी सिमेंटच्या वाटेवरून खुशाल वाहत चाललं होतं. आमच्या गावात तेव्हा टँकरचा आवाज आला की जेवणाऱ्या बायका ताटावरून उठून पळायच्या. मला ते बघवेना. मी सँडल हातात घेतल्या, ओल्या गवतातून धावत गेले, वाकून तोटीला हात घातला — आणि त्याच क्षणी माझ्या हातावर दुसरा एक हात येऊन पडला.

मी वर बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, हॉटेलचं नाव छापलेला निळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. तोही पळत आला होता, छाती वरखाली होत होती.

"मॅडम, तुमी गेस्ट… राहू द्या, मी करतो."

"पाणी वाया चाललंय, दिसत न्हाई का तुमाला?"

"दिसतंय की. म्हणून तर पळत आलो."

दोघांनी मिळून तोटी फिरवली. पाणी थांबलं. हात मात्र… तिथंच.

"बंद झाला नळ," मी म्हटलं.

"झाला."

"मग हात कावून ठेवलाय?"

"तुमचा खाली हाय. तुमी काढला की मी काढीन."

"माझ्यावर तुमचा हाय. मी कसा काढू?"

तो गडबडला. हात असा झटकन मागं घेतला, जसं काही तोटीत वीज होती. मग स्वतःशीच हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडायची, डाव्या नाही. हे मी एवढ्यात बघूनही घेतलं होतं आणि स्वतःवरच चिडले होते.

"नाव काय तुमचं?"

"गंगासागर."

"एवढं पाणी एका नावात…" तो म्हणाला, "आन् तुमी एका तोटीसाठी पळालात!"

मी सँडल पायात घातल्या आणि मान ताठ करून चालू लागले. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. कोर्टाच्या जाळीपाशी ठरवलेलं मोडलं. तो तिथंच उभा होता.

ते दोन हजार तेराचं साल. बीड जिल्ह्यात विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीत होती आणि आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याची चिमणी त्या हंगामात पेटलीच नव्हती, कारण गाळायला ऊसच नव्हता. माझे वडील मोहनराव, घरी आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्या कारखान्याचे संचालक. हॉटेल कारखान्याच्या अध्यक्षांच्या घरचं. बालाघाटच्या एका टेकाडावर, लाल कौलांच्या कॉटेजेस, टेनिस, बॅडमिंटनचा हॉल, बिलियर्डची खोली आणि मधोमध निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव. खाली दहा कोस रान करपलेलं, वर हा हिरवा तुकडा. दुरून बघितलं तर उघड्या डोंगरानं हिरवी टोपी घातल्यासारखं वाटायचं.

आप्पा म्हणाले होते, "नारायणगडाला दर्शन घेऊ आन् येताना दोन दिवस अध्यक्षांच्या हॉटेलात ऱ्हाऊ. तुझ्या आईनं कधी असलं हॉटेल बघितलं न्हाई." मला खरं वाटलं. मी बॅगेत ट्रॅकसूट आणि गुडघ्याचे पट्टे भरले. मी जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करायचे आणि राज्य संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती.

खोलीत आईनं तिची पिशवी उघडली, तेव्हा तिच्यातून माझी जांभळी पैठणी निघाली.

"हे कशाला, आई?"

आई बाथरूममध्ये गेली. तिथं माणूस झोपेल एवढा टब होता, पण तिनं बादली शोधून काढली, अर्धीच भरली, तिच्यात अंघोळ उरकली आणि उरलेलं पाणी आणून खोलीतल्या कुंडीला घातलं. मग माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "अध्यक्षांचा पुतण्या हाय. तुला बघायला बोलिवलंय. तुझ्या आप्पानं शब्द टाकलाय, बाई."

संध्याकाळी मी बघितली गेले. अभयसिंह पुण्याला शिकून आला होता. गोरा, उंच, बोलायला गोड, पायात पांढरेशुभ्र बूट. अध्यक्ष परगावी होते. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई खुर्चीत टेकून मला न्याहाळत होत्या. कानात कुड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि अख्ख्या घरावर वचक. अध्यक्ष कारखाना चालवतात आणि अध्यक्षांना काकू, असं लोक म्हणत.

"खेळाची आवड चांगली आहे," अभयसिंह म्हणाला. "लग्नानंतर इथं बॅडमिंटन खेळा की. सकाळी हॉल फक्त घरच्यांसाठी ठेवता येईल."

"मी कबड्डी खेळते."

"हो, पण ते… मातीत लोळणं आता किती दिवस?"

त्यानं हे हसत म्हटलं. तोच तर वैताग होता. रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ट्रॅकसूट चढवून बाहेर पडले. बॅडमिंटन हॉलसमोर शहादेव जाळी बांधत होता.

"इथं सगळे खेळ हायत," मी म्हटलं, "कबड्डीचं मैदान तेवढं न्हाई."

"कबड्डीला लागतं काय? माती. तेवढीच तर ठेवली न्हाई इथं. सगळीकडं गवत न्हाईतर फरशी." त्यानं माझ्या गुडघ्यावरच्या जुन्या वणांकडं बघितलं. "चढाई का पकड?"

"चढाई."

"वाटलंच. काल नळाकडं आल्ता तशीच."

तो मला हॉलच्या मागं घेऊन गेला. तिथं पाण्याचा थेंब पोचत नव्हता, म्हणून माती शिल्लक होती. लाल, भुसभुशीत, आपली. त्यानं फक्कीचा डबा आणला आणि भराभर रेषा ओढल्या. हात सराईत होता. तो विद्यापीठाकडून कोपऱ्यावर, पकडीला, खेळला होता. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत नोकरी शोधता शोधता इथं येऊन पडला होता.

"इथं पाहुण्यांच्या पोरांना रॅकेट कशी धरायची ते सांगतो," तो म्हणाला. "पकड करून लई दिवस झाले."

"मग करा की. मी येते."

मी दम घेतला. कबड्डी-कबड्डी-कबड्डी… त्याच्यासमोर डावीकडं झुकले, उजवीकडं हूल दिली, पाय लांबवला — आणि घोट्याला अशी काही मिठी बसली की मी सपशेल मातीत.

"एवढं खरं कुणी धरतं का?" मी थुंकत थुंकत म्हटलं.

"खोटं कसं धरत्यात? मला येत न्हाई."

"मी गेस्ट हाय!"

"रेषेच्या ह्या बाजूला गेस्ट न्हाई न् मॅडम न्हाई." त्यानं हात पुढं केला, मी तो धरून उठले. "पाय टाकायच्या आधी तुमी डोळ्यानं सांगता कुठं टाकणार ते. मी डोळेच बघत होतो."

"फक्त… त्याच्यासाठी?"

तो फक्कीचा डबा उगाच हलवत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पुन्हा या," तो म्हणाला. "ह्या वेळी डोळे झाकून."

मी पुन्हा गेले. किती वेळा पडले ते सांगत नाही. पण पडून उठताना प्रत्येक वेळी मला हसू येत होतं आणि का येतंय ते विचारायची माझी तयारी नव्हती.

दमून आम्ही कठड्यापाशी बसलो, मी त्याला निवड चाचणीचं सांगितलं. तिथून डोंगराचा उतार दिसायचा आणि उताराच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरांची एक वस्ती. रस्त्याच्या कडेला रिकाम्या घागरींची, हंड्यांची रांग लागली होती. त्या रांगेला धुरळ्यात बुडवत एक टँकर वर आला आणि हॉटेलच्या फाटकात शिरला. तलाव भरायला.

"ती निळ्या लुगड्यातली माझी माय," शहादेव म्हणाला. "सरूबाई. पहाटंपासून उभी हाय. रोज दोन-तीन टँकर तिच्या नाकासमोरून वर येतेत."

"तुमी काही बोलत न्हाई?"

"बोललो एकदा. मॅनेजर म्हणला, शिट्टी वाजव, तोंड वाजवू नको." त्यानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "ह्या पगारावर घर चाललंय ना… म्हणून गप बसतो. चांगलं वाटत न्हाई."

त्याचं ते 'चांगलं वाटत न्हाई' माझ्या मनात दिवसभर कुरतडत राहिलं.

संध्याकाळी दोन्ही घरं तलावाकाठी चहाला बसली. आप्पा खुशीत होते. सुपारी कधी फोडायची, एवढंच बाकी होतं. मी पैठणी नेसले नव्हते, साधा सलवार-कमीज घातला होता, त्यावरून आईनं दोनदा डोळे मोठे केले होते. तेवढ्यात फाटकाकडं आरडाओरडा झाला. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन वर आल्या होत्या आणि पहारेकरी त्यांना काठी आडवी धरून अडवत होता. निळं लुगडं सगळ्यात पुढं होतं.

"एक घागर द्या, साहेब! लेकरांच्या तोंडाला पाणी न्हाई!"

अभयसिंहनं मान हलवली. "आज ह्यांना दिलं तर उद्या अख्खा तालुका वर येईल. आपण विकत घेतलेलं पाणी आहे." आणि मला बिस्किटं पुढं केली. "तुम्ही घ्या ना."

मी उठले.

"अभयसिंह, खेळाची आवड चांगली, असं तुमीच काल म्हणालात. एक डाव खेळू. मागं मैदान आखलेलं हाय. तुमची सात माणसं, मी एकटी. एकच चढाई. एकाला शिवून परत आले तर पाऊस येईस्तोवर तलावाचे टँकर खालच्या वस्तीत रिकामे व्हायचे."

त्याचे मित्र खदखदून हसले. त्यालाही गंमत वाटली. "आणि पकडली गेलात तर?"

"तर तुमी म्हणाल त्या दिवशी सुपारी."

आप्पांनी कपबशी दाणकन टेबलावर ठेवली. "सागर! येड लागलं का तुला? बाप्या माणसात—"

"खेळू द्या," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. "मी लहानपणी आट्यापाट्यांत पोरांना दमवत होते, मोहनराव. मी पंच. आन् पैज माझ्यासमोर लागली, म्हंजे ती पाळली जाईल. कुणीबी हरू."

अभयसिंहनं मित्र गोळा केले. ते पाच. स्वतः धरून सहा. सातवा माणूस कमी पडला तेव्हा त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हाक मारली, "ए शहादेव! तू ये रे. आमच्याकडून."

शहादेव जागच्या जागी थिजला. त्यानं पैज ऐकली होती. एकीकडं त्याची माय फाटकापाशी, एकीकडं मी. आणि त्याला उभं राहायचं होतं आम्हा दोघींच्या विरोधात. मी ओढणी कमरेला आवळत त्याच्या जवळ गेले. पहिल्यांदाच माझ्या तोंडातून 'तू' आलं.

"तू मला धरायचंस. सकाळी धरलंस तसं. खरं."

"गंगा… धरलं तर पाणी गेलं. आन् तुझी सुपारी—"

"सोडलंस तर म्हणतील, अभयसिंहच्या माणसानंच सोडली म्हणून जिंकली. पैज मोडायला तेवढं निमित्त पुरं होईल. पाणीबी जाईल आन् माझं नावबी." मी ओढणीची गाठ घट्ट केली. "मला कुणी सोडलेलं नको. मी सुटून येईन."

तो माझ्याकडं बघत राहिला. इतका वेळ, की वत्सलाबाईंना त्याच्या गळ्यातली शिट्टी मागून घ्यावी लागली.

"डोळे झाकून ये," तो पुटपुटला आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला.

शिट्टी वाजली. पहारेकऱ्याला चुकवून वस्तीच्या बायका कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या; आचारी, माळी, पाहुणे, सगळे. मी मध्यरेषेला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत शिरले.

कबड्डी-कबड्डी-कबड्डी…

आत गेल्यावर एक गंमत माझ्या लक्षात आली. ती सगळी माणसं लाजली होती! बाईमाणसाला धरायचं कुठं, कसं, तिच्या बापासमोर? ती हात पुढं करत आणि मागं घेत. कुणी हसत होतं, कुणी मित्राला ढकलत होतं. अभयसिंह कमरेवर हात ठेवून मधोमध उभा होता, जणू मी नाचायला आले होते. मी त्याच्यासमोर गेले, हूल दिली आणि अंगठ्यानं त्याच्या पांढऱ्या बुटावर मातीचा ठसा उमटवला. तो खाली बुटाकडं बघत राहिला.

मी वळले. रस्ता मोकळा होता.

आणि मग घोट्याला मिठी बसली.

तीच पकड. पोलादी. मी तोंडावर आपटले, ओठात माती गेली, गुडघा सोलला. शहादेव सगळ्या ताकदीनं मागं ओढत होता. कठड्यावरून सरूबाईचा आवाज आला, "आरं सोड मेल्या, सोड तिला!" त्यानं सोडलं नाही. मला दम राखायचा होता. कबड्डी… कबड्डी… आवाज घशात घासून येत होता. बाकीचे आता भानावर येऊन धावले. मी कोपरं मातीत रोवली, अंग पिळलं, मोकळा पाय त्याच्या खांद्याला टेकवून सगळं बळ एकवटलं आणि हात लांबवला… लांबवला… नखांना फक्की लागली. थंड, पांढरी. मी बोटं रेषेच्या पलीकडं रोवली तेव्हा माझ्या छातीत जेमतेम एका शब्दाचा दम उरला होता.

"कबड्डी!"

वत्सलाबाईंनी शिट्टी फुंकली. बायकांनी घागरी बडवल्या. माझा घोटा तेव्हा सुटला, त्याआधी नाही.

मी मातीत उताणी पडून आभाळाकडं बघत होते. बाजूला तोही धापा टाकत पडला होता.

"खरं धरलं होतंस?" मी विचारलं.

"देवाशप्पथ. एवढं कुणालाच धरलं न्हाई."

वत्सलाबाई उभ्या राहिल्या. "उद्यापासून टँकर खाली जाणार. तलाव राहू दे कोरडा, पोहून कुणाचं भलं झालंय!" मग माझी हनुवटी धरून त्यांनी तोंडावरची माती पदरानं पुसली. "आन् मोहनराव, पोरगी मला पसंत हाय. अशीच सून पाहिजे घरात. पैज गेली खड्ड्यात, सुपारी उद्याच फोडू!"

सगळे हसले, टाळ्या झाल्या. आप्पांचा चेहरा उजळला. जिंकूनही मी तिथंच येऊन पडले होते, जिथं हरले असते तर पडले असते.

"काकू," मी म्हटलं, "तुमची माया कळली. पण मला पसंत न्हाई."

टाळ्या थांबल्या.

"माझ्यात काय कमी आहे?" अभयसिंहनं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात गोडवा नव्हता.

"कमी काही न्हाई. मी तुमच्यासमोरून निघून चालले होते आन् तुमी बूट बघत होता."

वत्सलाबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. अभयसिंहला राग माझ्यावर काढता येत नव्हता. तो शहादेवकडं वळला. "गेस्टच्या अंगाला हात लावतोस? उद्या दिसू नको इथं."

"तुमीच तर खेळायला बोलावलं," शहादेव म्हणाला. टी-शर्टवरची माती झटकली. "आन् खेळलो."

खोलीत आप्पांचा तोल सुटला. अध्यक्षांच्या दारात नाक कापलं, संचालकपद गेलं, आता कुठल्या तोंडानं कारखान्यावर जाऊ… ते येरझारा घालत होते. आई माझ्या गुडघ्याला हळद लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आवो, पोरगी हरली आसती तर तिला शब्द पाळायला लावला आसता का न्हाई?"

"आसता म्हंजे? लावलाच आसता!"

"मग जिंकली तर तिच्या शब्दाला कावून मोल न्हाई?"

आप्पा येरझारा थांबवून पलंगाच्या कडेला बसले. आईनं हळदीची वाटी ठेवली आणि पैठणी घडी करून पिशवीच्या तळाशी घातली.

सकाळी आम्ही निघालो. गाडी आप्पा स्वतः चालवत होते, मी आणि आई मागं. उतार संपला तिथं रस्ता अडला होता. वस्तीत टँकर उभा होता! पाइपातून पाणी धो धो हौदात पडत होतं, बायकांची झुंबड, हंड्यांची आदळआपट. आणि कडेच्या लिंबाखाली खांद्याला बॅग अडकवून शहादेव उभा. त्याची माय त्याला फैलावर घेत होती.

"आप्पा, थांबा जरा."

"कावून?"

गाडी गर्दीमुळं थांबलेलीच होती. मी दार उघडून उतरले. लंगडत गेले. मला बघून सरूबाईच्या तोंडाचा पट्टा आणखी सुटला. "बघ, बघ पोरीचे हाल! ती आपल्या पाण्यासाठी पळत व्हती आन् तू तिच्या पायाला धरतूस? माझ्या पोटी कसा निपजलास रं?"

"मीच सांगितलं होतं, मावशी."

"तू? धरायला?" तिनं माझ्याकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मग हौदाकडं गेली.

"कुठं चाललास?" मी विचारलं.

"बीडला. कुठल्या तरी शाळेत बघतो." त्यानं बॅगेचा पट्टा सारखा केला. "गुडघा…?"

"दुखतोय."

"माझ्यामुळं."

"हो, तुझ्यामुळं. काल सात जण होते. सहा जणांना मी बाई दिसले. तुला… काय दिसलं रे?"

त्यानं खाली बघितलं, मग वर. "नळ बंद करायला पळत येणारी दिसली. तेव्हापासून दुसरं काही दिसतच न्हाई. काल धरताना वाटलं, सुटली तर बरं… आन् आतून वाटत होतं, सुटू नये." तो घाईघाईनं म्हणाला, "हे बोलायला नको होतं. तू मोहनरावांची लेक…"

मागं गाडीचं दार आपटलं. आप्पा येत होते. कपाळाला आठ्या, मिशा थरथरत. पण ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत सरूबाई आडवी आली. तिच्या हातात नुकत्या भरलेल्या पाण्याचा तांब्या होता.

"पाव्हणं, उन्हाचं आलात. पाणी प्या आधी."

ज्या बाईच्या दारात कित्येक दिवसांनी पाणी आलं होतं, तिनं पहिला तांब्या माझ्या बापापुढं धरला. आप्पा थबकले. आमच्या मुलखात माणूस भांडण मोडेल, नातं मोडेल, पण पुढं केलेलं पाणी नाकारत नाही. त्यांनी तांब्या घेतला. वरूनच घटाघटा प्यायले. मग मिशा पुसत, आवाज जरा उतरवून त्यांनी मला विचारलं, "ह्यो कोण?"

"शहादेव. मला ह्याच्याशी लग्न करायचंय, आप्पा."

शहादेवच्या खांद्यावरची बॅग घसरून खाली पडली.

"अगं, मला तर इचार!"

"इचारते की. करशील?"

आख्खी वस्ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. सरूबाईनं पदर तोंडात कोंबला होता. गाडीच्या काचेतून माझी आई मान बाहेर काढून बसली होती. शहादेवनं आधी आप्पांकडं बघितलं, पार त्यांच्या डोळ्यांत, आणि नजर खाली न घालता म्हणाला, "करीन. आजच्या आज म्हणलीस तरी. पण नोकरी न्हाई मला. आन् चाचणी होईस्तोवर सराव बुडवायचा न्हाई."

पुढं पुष्कळ घडलं. कारखान्याच्या निवडणुकीत आप्पांना उमेदवारी मिळाली नाही. मी राज्याच्या संघात गेले, शहादेव गेवराईकडच्या एका शाळेत लागला, आणि लग्नाला होकार मिळायला दोन उन्हाळे गेले. त्या दोन उन्हाळ्यांत मी घरात जेवढी भांडले तेवढी मैदानात कधी भांडले नसेन. टँकर मात्र पहिला पाऊस पडेपर्यंत खालीच रिकामे झाले. वत्सलाबाईंनी शब्द मोडू दिला नाही.

पण त्या सकाळी हे काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी आप्पा रिकामा तांब्या हातात धरून उभे होते. राग यावा का नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी तांब्या सरूबाईला परत दिला, वर उन्हाकडं बघितलं, खाली पडलेल्या बॅगेकडं बघितलं.

"बीडला चाललास म्हणं?"

"हो."

"मग चालत जातूस काय एवढ्या उन्हात? बस गाडीत." मी मागचं दार उघडायला वळले तसे ते गरजले, "मागं न्हाई! पुढं. माझ्याजवळ बस म्हणावं त्याला."